मावशी, तात्पुरती

त्या गुरुवारी दुपारी रॉन्डा स्टिल्टनरच्या नावावर सात पॉइंट जमले होते, आणि आठव्या पॉइंटाला माणूस कायमचा घरी जातो.

पाइन फोर्कच्या गादी कारखान्यात पॉइंटांचा हिशेब शाळेतल्या मार्कांच्या उलटा चाले. जितके कमी तितका माणूस शहाणा. एक दिवस गैरहजर राहिलात की एक पॉइंट, उशीर झाला की अर्धा. कारण कुणी विचारत नसे. घरी पोर तापानं फणफणलेलं असो की आदल्या रात्रीची दारू उतरलेली नसो, पॉइंट तोच, आणि ह्यालाच कंपनी सगळ्यांना समान वागणूक म्हणे. वर्ष उलटलं की जुना पॉइंट गळून पडायचा. त्यामुळे तिथली माणसं कॅलेंडरावर वाढदिवस लिहीत नसत, कुठला पॉइंट कधी गळतो ते लिहीत.

रॉन्डा एकोणीस वर्षं गादीची कड शिवायच्या मशीनवर उभी होती. मशीन गादीभोवती फिरतं आणि बाई मशीनबरोबर फिरते, दिवसाला साठ-सत्तर गाद्या. लोकांच्या पाठीला आराम मिळावा म्हणून एकोणीस वर्षांत तिची पाठ गेली होती, पण दोनाच्या वर पॉइंट कधी झाले नव्हते. मग फेब्रुवारीत नेटी मावशीच्या पोटात गाठ निघाली. दर तिसऱ्या मंगळवारी लेक्सिंग्टनच्या हॉस्पिटलात केमो, जायला दोन तास, यायला अडीच, कारण येताना मावशीला ओकारीसाठी गाडी थांबवावी लागे. अशा चार फेऱ्यांचे चार पॉइंट. दोनदा मावशीला ताप चढला, त्याचे दोन. दोनदा सकाळी तिला न्हाणीघरातून उचलून आणण्यात उशीर झाला, त्याचा एक. पहिला पॉइंट गळायला पुढचा फेब्रुवारी उजाडणार होता आणि पाचवी फेरी ह्याच येत्या मंगळवारी होती.

म्हणून दोन आठवड्यांपूर्वी तिनं रजेचा फॉर्म भरला होता. घरचं माणूस गंभीर आजारी असेल तर वर्षात बारा आठवड्यांची रजा मिळते, पगार नाही मिळत पण नोकरी जात नाही आणि पॉइंट लागत नाही, असा देशाचा कायदा आहे. हे तिला कारखान्यानं सांगितलं नव्हतं, लेक्सिंग्टनच्या नर्सनं सांगितलं होतं. डॉक्टरनं आपला भाग भरून सही करून दिली. रॉन्डानं आपला भरला. आज त्याचं उत्तर आलं होतं.

एचआरमध्ये शेल्बी काउडिल बसे. सत्तावीस वर्षांची पोरगी, तिची आई शाळेत रॉन्डाच्या बाकावर असायची. शेल्बीनं दार लावून घेतलं, तेव्हाच रॉन्डाला काय ते कळलं.

"रॉन्डाताई, वरून नाही म्हणालेत," शेल्बी म्हणाली. "तुम्ही नात्यापुढे मावशी लिहिलंय. कायद्यात मावशी बसत नाही. नवरा-बायको, मूल, आई-वडील, संपलं. सासूसुद्धा नाही. मागच्या महिन्यात कापड कापायच्या खात्यातल्या एकाला सासूसाठी मीच नाही सांगितलं."

"मावशीच आहे ती. मग मावशी सोडून काय लिहायचं होतं?"

"तेच तर," शेल्बी म्हणाली, आणि तिचे डोळे कागदावरच राहिले.

मंगळवारचं काय, असं रॉन्डानं विचारलं. शेल्बीनं पॉइंटांचा तक्ता तिच्याकडे फिरवला. न सांगताही दिसत होतं. पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर रॉन्डाला चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं.

फॉर्म कसा भरावा हे रॉन्डाला नेटी मावशीनंच शिकवलं होतं. दर वर्षी ऑगस्टात शाळेचं कार्ड यायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून मावशी ते पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात भरायची. मुलीचं नाव. जन्मतारीख. पालकाचं नाव, आणि पालकाशी नातं. त्या रकान्यात ती लिहायची, "मावशी, तात्पुरती." पहिलीच्या कार्डावर तेच, बारावीच्या कार्डावर तेच. शाळेतली कारकून बाई एकदा हसून म्हणाली होती, नेटी, किती वर्षं तात्पुरती गं. मावशी हसली नाही. कागदावर खरं तेवढं लिहावं आणि खऱ्याच्या पुढे एक अक्षर लिहू नये, असं तिचं म्हणणं होतं. रॉन्डाच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की रजेच्या फॉर्मवर दुसरं काही लिहिता येतं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

खरं होतं ते असं. मावशीची धाकटी बहीण ग्लेना, रॉन्डाची आई, बावीस वर्षांची असताना डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात नोकरी शोधायला गेली. त्या काळी आमच्या डोंगरातली निम्मी तरणी माणसं डेट्रॉइटला जात होती, त्यात नवल काही नव्हतं. चार वर्षांच्या रॉन्डाला तिनं मावशीकडे ठेवलं. खोली मिळाली, बस्तान बसलं की घेऊन जाते म्हणाली. मावशीचा नवरा खाणीत दगावलेला, मूलबाळ नाही. ती म्हणाली, राहू दे. खोली मिळाली, मग नवरा मिळाला, मग दोन मुलगे झाले. ग्लेना नेण्यासाठी कधी आली नाही, भेटायला दोनदा आली. नाताळला कार्ड यायचं. आणि मावशी शेजाऱ्यांना, चर्चमध्ये, डॉक्टरकडे, सगळीकडे एकच सांगत राहिली: ग्लेनाची पोर आहे, माझ्याकडे राहायला आलीय.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत रॉन्डानं डबा उघडला नाही. समोर डॉयल मलिन्स बसला होता, फोर्कलिफ्ट चालवणारा, साठी ओलांडलेला. खाण बंद पडेपर्यंत खाणीत होता आणि तिथल्या युनियनमध्ये वीस वर्षं काढल्यामुळे त्याला अजून कुठल्याही कचेरीचं दार दिसलं की अंगावर काटा येई. त्यानं एका वाक्यात सगळं काढून घेतलं.

"एकटी गेलीस आत?" त्यानं विचारलं.

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

"दोघं तरी जावं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. तू 'नाही' एवढंच ऐकलंस आणि निघून आलीस." त्यानं सँडविच खाली ठेवलं. "पोस्टर वाचलंस का?"

कुठलं पोस्टर, रॉन्डाला माहीत नव्हतं. डॉयल उठला आणि पेयांच्या मशीनजवळ गेला. त्या मशीनच्या मागे भिंतीवर सरकारी पोस्टर आहे, कायद्यानं लावावंच लागतं, आणि चार वर्षांपूर्वी मशीन आलं ते बरोबर त्याच्यापुढे ठेवलं गेलं, असं त्यानं सांगितलं. मुद्दाम ठेवलं असं तो म्हणाला नाही. प्लग तिथे होता म्हणाला. मग त्यानं हातगाडा आणला आणि सगळ्यांच्या देखत मशीन दोन हात बाजूला सरकवलं. आत डबे खडखडले. सुपरवायझरनं दारातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला, कारण डॉयलशी वाद घालायचा म्हणजे सुट्टी संपून जायची.

पोस्टर पिवळं पडलं होतं. शेल्बी म्हणाली तेच त्यावर होतं. नवरा-बायको, मूल, आई-वडील. मावशी नव्हती. रॉन्डानं दोनदा वाचलं आणि परत खुर्चीकडे निघाली. डॉयलनं बोटानं सगळ्यात खालची ओळ दाखवली, तिथे फोन नंबर होता.

"लोक वरचं वाचतात आणि रडतात," तो म्हणाला. "खालचं वाचायचं."

तिनं गाडीत बसून फोन लावला. वाहनतळाच्या एका कोपऱ्यातच सिग्नल येई आणि त्या कोपऱ्यात तिच्या आधी दोन गाड्या होत्या, म्हणून तिनं गाडी अर्धी चिखलात उभी केली. सोळा मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक बाई आली. दमलेल्या पण सरळ आवाजाची. आजारी कोण, कारखान्यात माणसं किती, नोकरीला वर्षं किती, असं सगळं विचारून झालं. रॉन्डानं स्वतःच सांगून टाकलं की मावशी आहे, कायद्यात बसत नाही, तिला माहीत आहे, उगाच फोन केला.

"थांबा," बाई म्हणाली. "तुम्हाला लहानाचं मोठं कुणी केलं?"

प्रश्न अवघड नव्हता. त्रेपन्न वर्षांत तो तिला कुणी विचारलाच नव्हता, कारण डोंगरात सगळ्यांना माहीत होतं आणि घरात त्याचं नाव काढायचं नव्हतं.

बाईनं मग तुकडे पाडून विचारलं. शाळेचे कागद कुणी भरले. आजारी पडलात तर डॉक्टरकडे कुणी नेलं. जेवण, कपडे, अंथरूण कुणाच्या घरी. रॉन्डा प्रत्येकाला नेटी म्हणत गेली, नेटी होल्ब्रुक, नेटी.

"मग कायद्याच्या नजरेत ती तुमची आईच," बाई म्हणाली. "आईच्या जागी उभी राहिलेली. रक्ताची आई जिवंत असो नसो, फरक पडत नाही. कोर्टाचा कागद लागत नाही. तुम्ही तुमच्या हातानं दोन ओळी लिहून द्या. ह्या बाईनं मला आईच्या जागी वाढवलं, अमुकपासून अमुकपर्यंत. बस. आणि हो, आधीच्या केमोच्या दिवसांचे पॉइंटही काढा म्हणावं."

एवढंच, असं रॉन्डानं विचारलं. एवढंच, बाई म्हणाली. असे दहा फोन रोज येतात आमच्याकडे.

दोन ओळी. रॉन्डा चिखलातून परत आली, मशीनपाशी उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत चौतीस गाद्यांच्या कडा शिवल्या. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ह्या दोन ओळींचं घरी काय होणार हे तिला ठाऊक होतं.

घरी नेटी मावशी आरामखुर्चीत होती. एके काळी कोळशाची बादली एका हातानं उचलणारी बाई आता शालीत हरवून गेली होती, म्हणजे शालच जास्त होती. रॉन्डानं घेवडा गरम केला, मक्याच्या पावाचा तुकडा दुधात कुस्करून दिला. मावशीनं तीन चमचे खाल्ले आणि वाटी बाजूला सारली. मग रॉन्डानं सगळं सांगितलं. पॉइंट सात झालेत हेही पहिल्यांदाच सांगितलं, इतके दिवस लपवलं होतं.

मावशीनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"नाही लिहायचं तसं," ती म्हणाली.

रॉन्डा म्हणाली, सरकारनंच सांगितलंय. मावशी म्हणाली, सरकारला काय कळतं. मंगळवारी चर्चची गाडी जाते म्हाताऱ्यांना घेऊन, मी त्यातून जाईन, ओकायला पिशवी असते त्यांच्याकडे, तू कामावर जा. रॉन्डा म्हणाली, ती गाडी फक्त दारापर्यंत सोडते, आत धरून कोण नेणार. मावशी म्हणाली, मग नाही जात, झालेत चार, पुरे.

"ग्लेनाला खोडायचं नाही तू," ती म्हणाली. "ती मेलीय. तिला उलट बोलता येत नाही."

"तिला खोडत नाहीये मी, मावशी. तुला लिहितेय."

"मला कशाला लिहायचं? मी काय केलं? दोन घास जास्त शिजवले."

रॉन्डाला राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसा, उशिरा आणि सगळा एकदम. ती उभीच होती, हातात वाटी होती. ती म्हणाली, "मी चार वर्षांची होते. आता त्रेपन्न आहे. माझं लग्न ह्या घरातून झालं, मोडलं तेव्हा मी ह्याच घरात परत आले. अजून मी राहायलाच आलेय का?"

मावशीनं डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच ती बोलली. बसच्या पायरीवर उभं राहून ग्लेनानं तिला विचारलं होतं, ती मला विसरणार नाही ना. आणि मावशीनं शब्द दिला होता की पोर दुसऱ्या कुणाला आई म्हणणार नाही. कधीच नाही.

"ती घाबरली होती गं," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांची होती. मी शब्द दिला नसता तर चढलीच नसती बसमध्ये."

"नसती चढली तर बरं झालं असतं."

"मला नसतं बरं झालं," मावशी म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

रॉन्डानं वाटी धुतली.

शनिवारी दुपारी मावशी झोपली असताना तिनं टेबलावर बसून कागद लिहिला. तीनदा लिहिला, तिसरा ठेवला. "नेटी होल्ब्रुक ही माझी मावशी. तिनं मला आईच्या जागी वाढवलं. जून १९७५ पासून जून १९८९ पर्यंत." एकोणनव्वद, कारण त्या वर्षी ती अठराची झाली आणि वाढवणं तिथे संपतं असा तिचा अंदाज. खाली सही केली. कागद तिनं लपवला नाही. मिठाच्या बाटलीखाली उघडा ठेवला, मावशीच्या औषधांशेजारी. चोरून काही द्यायचं नाही एवढं तिनं ठरवलं होतं. पण मावशीनं फाडला तर दुसरा लिहायचा की नाही, हे तिला ठरवता आलं नव्हतं. लिहिला तर मावशी गाडीत बसणार नाही. नाही लिहिला तर मंगळवारी नोकरी जाईल, आणि पाइन फोर्कमध्ये दुसरा कारखाना नाही.

मावशी उठली, तिनं औषधं घेतली. कागद होता तिथेच राहू दिला.

रविवारी मदर्स डे होता. आमच्याकडे त्या दिवशी चर्चमध्ये फूल लावून जातात. आई जिवंत असेल तर लाल गुलाब, गेली असेल तर पांढरा. मावशीच्या अंगणात दोन्ही झाडं होती. लहानपणी दर वर्षी ती कात्री घेऊन जायची, लाल फूल कापायची आणि रॉन्डाच्या फ्रॉकला टाचणीनं लावताना म्हणायची, तुझी आई आहे, डेट्रॉइटला आहे. नाताळचं कार्ड यायचं बंद झालं त्या वर्षीही लाल लावलं. अकरा वर्षांपूर्वी ग्लेना गेली, तेव्हापासून पांढरं. ते कापून द्यायचं कामही मावशीचंच, एकदाही चुकलं नव्हतं.

ह्या वर्षी तिच्यात ताकद नव्हती. रॉन्डानं तिला ओसरीवर आणून बसवलं, कात्री घेतली आणि पांढऱ्या झाडाकडे गेली.

"राहू दे," मावशी मागून म्हणाली.

रॉन्डा थांबली. मावशी झाडाकडे पाहत नव्हती, रस्त्याकडे पाहत होती.

"पांढरं नको," ती म्हणाली. लाल घाल, असं म्हणाली नाही.

रॉन्डा फुलाशिवाय चर्चला गेली. तिथल्या प्रत्येक बाईनं तिच्या कोऱ्या कॉलरकडे पाहिलं आणि दोघींनी हळूच आपल्याकडचं जास्तीचं पांढरं पुढे केलं. तिनं नको म्हटलं. प्रवचनातलं तिला काही ऐकू गेलं नाही, मागच्या बाकावर ती बसल्या बसल्या झोपली, आणि शेजारणीनं प्रार्थनेच्या वेळी कोपरानं उठवलं.

सोमवारी पहाटे तिची शिफ्ट. टेबलावर मिठाच्या बाटलीखाली काही नव्हतं. मग दिसलं, कागद चार घड्या घालून तिच्या डब्याखाली सरकवलेला होता. फाडला नव्हता. नजरेसमोर नको म्हणून मिटून ठेवला असणार, असं तिला वाटलं. तिनं तो न उघडताच डब्याबरोबर पिशवीत टाकला. आतल्या खोलीत मावशी भिंतीकडे तोंड करून झोपली होती किंवा झोपल्यासारखी पडली होती.

ह्या वेळी दोघं गेले. डॉयल दाराजवळ टोपी हातात धरून उभा राहिला. त्याला काय पाहिजे म्हणून शेल्बीनं विचारलं तर तो म्हणाला, काही नाही, मी ऐकायला आलोय. रॉन्डानं फोनवरच्या बाईनं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं आणि घडी घातलेला कागद पुढे केला. शेल्बीनं वरच्या कचेरीत फोन लावला. तिकडे कुणीतरी दुसऱ्या कुणाला विचारत होतं. मधेच शेल्बी हो सर, हो सर म्हणत राहिली, मग एकदा, "नाही सर, त्यांनी सरकारी नंबरवर विचारलंय," असं म्हणाली आणि त्यानंतर तिकडचं बोलणं एकदम आखूड झालं. तिनं फोन ठेवला.

"चालेल म्हणालेत," ती म्हणाली. "उद्याची रजा कायद्यातली. केमोचे चार आणि तापाचे दोन पॉइंट काढायचेत. उशिराचा एक राहतो, त्याबद्दल मी परत विचारते. मला हे माहीत असायला हवं होतं, रॉन्डाताई. मी यादी वाचली आणि तिथेच थांबले."

"मीही तिथेच थांबले होते," रॉन्डा म्हणाली. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. डॉयलनं टोपी डोक्यावर घातली.

शेल्बीनं फाइलला लावायला म्हणून कागद उलगडला आणि वाचता वाचता थबकली. "हे खाडाखोड केलेलं तुम्हीच का?" तिनं विचारलं. "दुसऱ्याचं अक्षर वाटतंय. तारखेचं काय धरायचं मी?"

रॉन्डानं कागद हातात घेतला. तिच्या अक्षरावर निळ्या शाईनं, पाटीवर गिरवल्यासारख्या वळणात दुरुस्त्या केलेल्या होत्या. "जून १९७५" च्या आधी "९" घातला होता, आणि वर, जागा नव्हती तरी दाटीवाटीनं, "दुपारी, जेवून नव्हती आली." पुढे "जून १९८९ पर्यंत" ह्यावर पट्टी लावून आडवी रेघ मारली होती. मावशीनं आयुष्यात कुठल्या कागदावर खाडाखोड केलेली रॉन्डानं पाहिली नव्हती. रेघेच्या शेजारी एकच शब्द होता, "अजून." खाली नाव, नेटी होल्ब्रुक. "मावशी" ह्या शब्दाला तिनं हात लावला नव्हता, आणि त्याच्यापुढे ह्या वेळी तात्पुरती लिहिलं नव्हतं.

"शेवटची तारीख लागते हो," शेल्बी हळू आवाजात म्हणाली. "नवीन लिहून देता का? दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही," रॉन्डा म्हणाली. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि तळहातानं त्याच्या घड्या सपाट केल्या, एकेक करून. "तिनं लिहिलंय तेच धर."